सोफ्यासाठी एफडी मोडू का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पतीचा स्वतःचा व्यवसाय, घरखर्च महिन्याला 90 हजार, बँकेत 8 लाखांची एकुलती एक एफडी. एसआयपी वगैरे जाऊन महिन्याला 25 हजार हातात उरतात. त्यांना प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या डिझाइनचा, कासिना या इटालियन फर्निचर कंपनीचा अस्सल दोन जणांचा सोफा घ्यायचाय. शोरूमने किंमत सांगितली 6 लाख. त्या विचारतात, "इतकी वर्षं जुनं न झालेलं डिझाइन म्हणजे गुंतवणूकच ना? एफडी मोडू का?"

ताई, सोफा जरूर घ्या. एफडीला मात्र हात लावू नका.

तुमची पसंती पक्की आहे. 1928 साली पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए, पिएर जनरे आणि शार्लोट पेरियां या तिघांनी सोफ्याचा सांगाडा गादीखालून काढून बाहेर आणला. स्टीलच्या नळ्यांची चौकट आणि टोपलीत ठेवाव्यात तशा आत सुट्या गाद्या. पुढच्याच वर्षी तो पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि 1965 पासून कासिना तो बनवते आहे. माझ्या मते तो टिकला तो या सुट्या गाद्यांमुळे. आमच्याकडे वडिलांनी घेतलेला सागवानी सोफा आहे. त्याच्या गाद्या तीनदा बदलल्या, पट्टे दोनदा आवळले, पण लाकडाला कधी हात लावावा लागला नाही. झिजतं तेवढंच बदलता आलं की वस्तू पिढीभर चालते. 6 लाख 25 वर्षांवर वाटले तर वर्षाला 24 हजार पडतात. तुम्हाला परवडेल असा हा खर्च आहे.

पण तो खर्चच आहे. याच जनरे यांनी चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी डिझाइन केलेल्या खुर्च्या भंगारात गेल्या आणि मग परदेशी लिलावात लाखोंना विकल्या गेल्या, हे तुम्ही वाचलं असेल. ती किंमत जुन्या, इतिहास असलेल्या नगांची. आज कारखान्यातून आलेला नवा सोफा घरी पोचला की सेकंडहँड होतो आणि नाशिकमध्ये त्याला गिऱ्हाईक शोधणं सोपं नाही.

एफडी मोडली तर उरतील 2 लाख, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा घरखर्च. व्यवसायात एक उधारी अडकली की तेवढ्याने भागत नाही. शिवाय मुदतीआधी मोडल्यावर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. कर्ज काढलंत तर 14 टक्क्यांनी तीन वर्षं साधारण 20,500 चा हप्ता बसेल आणि व्याजापोटी सुमारे 1 लाख 38 हजार जातील.

त्यापेक्षा उरणाऱ्या 25 हजारांची आजपासून वेगळी आरडी लावा. मुद्दलच दोन वर्षांत 6 लाख होतं. तोवर किंमत वाढली तर बराचसा फरक व्याजातून निघेल.

पैसे जमल्यावर शोरूममध्ये गेलात की बसण्याआधी एक गादी उचलून बघा. चौकटीवर सही आणि क्रमांक कोरलेला आहे ना ते तपासा. आणि सुटी गादी, नवं कव्हर केवढ्याला आणि किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या.