खुणा शिकवल्या तर ती बोलायचीच नाही का?

कमी ऐकू येणाऱ्या एका लहान मुलीची आई समोर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. न राहवून मी विचारलंच. म्हणाली, "सवयच लागलीय, मॅडम. हात हलले की ती हातांकडे बघते. खुणा केल्या तर बोलायचा आळस करेल, असं सगळे सांगतात."

मुलगी पावणेतीन वर्षांची. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. श्रवणयंत्रं वर्षाची असल्यापासून आहेत, पण महिन्याभरापासून कानात ठरत नव्हती. घातली की रडून ओरबाडून काढायची. बोलणं दोन शब्दांवर अडलेलं.

ही भीती जुनी आहे. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत मुलांच्या शिक्षणातून खुणांना बाहेर काढण्याचा ठराव झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. २०१० मध्ये याच विषयावर कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या परिषदेने तो ठराव नाकारला, झाल्या नुकसानीबद्दल खेदही व्यक्त केला. घराघरांतली धास्ती मात्र तशीच राहिली.

वडील म्हणाले, "ओठ बघून कळेल की हळूहळू." मी त्यांना आवाज न काढता तीन शब्द म्हणायला लावले : पापा, बाबा, मामा. आईने तिन्ही वेळा 'बाबा' ओळखलं. प, ब, म ओठांवर एकसारखेच दिसतात. क आणि ग तर घशाशीच राहतात, दिसतच नाहीत. ओठवाचनाचा आधार होतो, पण ज्याला भाषा आधीच येते त्याला जास्त. हिला तर भाषाच त्यातून शिकायची होती. आई बराच वेळ गप्प होती.

खुणांमुळे बोलणं खुंटत नाही. पहिल्या काही वर्षांत कुठलीच भाषा पुरती न मिळणं, हे मात्र पुढे भरून काढणं फार अवघड जातं. काही मुलं यंत्राच्या किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या उपकरणाच्या) आधाराने छान बोलतात, काही खुणांच्या भाषेत फुलतात, बरीचशी दोन्ही वापरतात. कुठली वाट धरायची ते मी ठरवत नाही. मी एवढंच विचारते, की आज या मुलीला तुमचं काय काय पूर्ण कळतं?

स्पीच थेरपी चालूच ठेवली. जोडीला चार खुणा घेतल्या : आणखी, नको, झालं, दुखतंय. बोलायचं आणि खूणही करायची, तिच्या नजरेच्या पातळीवर बसून. पुढे रीतसर खुणांची भाषा शिकवणाऱ्या बधिर शिक्षिकेकडे आईवडील दोघंही जाऊ लागले.

पाचव्या आठवड्यात आईचा फोन आला, आवाज कापत होता. सकाळी यंत्र घालताना मुलीने नेहमीसारखं ढकललं नव्हतं. आईचा हात धरून उजव्या कानाशी नेला होता आणि खूण केली होती : दुखतंय. कानाच्या आत लाल वळ होता. वाढत्या वयात कान मोठा होतो, यंत्राचा कानात बसणारा साचा मग नीट बसत नाही, घासू शकतो, तो वरचेवर नवा करावा लागतो. आम्ही सगळे त्याला हट्ट समजत होतो, मीसुद्धा.

ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, त्याच आठवड्यात नवा साचा घेतला. आता यंत्र झोपेपर्यंत कानात असतं.