पंखा चालू झाला की तापमान उतरतं? सेन्सर राहू दे, त्याची अर्थिंगची वायर तपास

तुमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेच्या) गाडीबद्दल तुझ्या तक्रारी तीन. रेडिएटरचा पंखा चालू झाला की पाण्याचं तापमान ९२ वरून एका झटक्यात ८१ वर येतं, आणि सेन्सर दोनदा बदलून झाला तरी तेच. आरपीएमचा आलेख मधूनच १९,००० ला उडी मारतो. आणि फेऱ्या मारून आल्यावर लॉगरमधून, म्हणजे सेन्सरांचे आकडे साठवणाऱ्या पेटीतून, कार्ड काढलं की फाइल शून्य बाइटची. यावर तू विचारलंस की आता कुठल्या कंपनीचा सेन्सर घेऊ. कुठलाच नको. पैसे ठेव, टायरला लागतील.

माझी बावीस वर्षं गोव्यात कुंडईच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांत गेली. सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या ऑटोक्रॉसच्या (मैदानात आखलेल्या वळणांवरच्या वेळेच्या शर्यतीच्या) गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालतो. दोन्हीकडे पाहिलेलं एकच: सेन्सर क्वचित मरतो. बहुतेक वेळा दगा देते ती त्याची परतीची वायर, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण ती 'नुसती अर्थ', म्हणजे निगेटिव्हला जाणारी वायर असते.

आधी तापमान. ९२ अंशांचं पाणी एका सेकंदात अकरा अंशांनी उतरत नाही. अख्खा रेडिएटर मांडवी नदीत बुडवलास तरी नाही. म्हणजे बदललं ते पाणी नव्हे, व्होल्टेज.

तुझा सेन्सर एनटीसी जातीचा, गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बॉशचा जो एम-१२ आट्यांचा सेन्सर सगळे वापरतात, तो २० अंशांना २.५ किलोओहम असतो आणि ९० अंशांना साधारण २४० ओहम. वरून ५ व्होल्टला २.५ किलोओहमचा पुल-अप (५ व्होल्ट आणि सिग्नलच्या वायरीमधला रेझिस्टर) लावला की लॉगरला ९० अंशांना सुमारे ०.४४ व्होल्ट दिसतात आणि ८० अंशांना ०.५७. म्हणजे एका अंशाचा फरक जेमतेम १३ मिलिव्होल्टचा. आता तुझा फोटो बघ. सेन्सरची निगेटिव्ह आणि पंख्याची निगेटिव्ह, दोन्ही रेडिएटरच्या ब्रॅकेटवर एकाच बोल्टखाली. फ्रेमला पावडर कोटिंग आहे, त्यातून वीज जात नाही, आणि ते खरवडलेलं दिसत नाही, तेव्हा तो बोल्ट फक्त आट्यांवर टेकलाय. त्या वाटेला २० मिलिओहम जरी धरले आणि पंखा ८ अँपिअर खेचत असेल, तर १६० मिलिव्होल्ट झाले. पंखा फिरतो तोवर तो बोल्ट बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा तेवढा वर उचलला जातो आणि सेन्सरलाही सोबत उचलतो. लॉगर बिचारा आपल्या शून्यापासून मोजतो. त्याला व्होल्टेज वाढलेलं दिसतं, आणि एनटीसीच्या हिशोबात जास्त व्होल्टेज म्हणजे थंड पाणी. हिशोब करून बघ, अकरा-बारा अंशच येतात.

यात एक धोकाही आहे. इंजिन खरोखर तापत असताना, नेमक्या त्याच वेळी, ड्रायव्हरला गार आकडा दिसणार. आणि तोच आकडा वाचून ईसीयू (इंजिनाचा कंट्रोलर) पंखा चालू-बंद करत असेल तर रिले टकटकत राहील.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेव. एक प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा त्या बोल्टवर. पंखा बंद असताना वाच, मग चालू करून वाच. ओहमच्या रेंजवर मोजत बसू नकोस. मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.१-०.२ ओहमच्या असतात, त्यात २० मिलिओहम कुठे दिसणार? करंट वाहत असतानाच हा दोष बोलतो.

उपाय म्हणजे सेन्सरच्या दोन्ही वायरी लॉगरपर्यंत परत आण. निगेटिव्ह लॉगरच्या सेन्सर-ग्राउंडच्या पिनवर, चासीवर कुठेही नाही. पंखा, फ्युएल पंप, स्टार्टर यांची अर्थ वेगळी, जाड, बॅटरीकडे. प्रेशर सेन्सरचे ५ व्होल्टही लॉगरच्याच पिनवरून घे. ते सेन्सर पुरवठ्याच्या प्रमाणात आउटपुट देतात, त्यांना दुसऱ्या रेग्युलेटरवर टाकलंस की नवीन चूक विकत घेतलीस.

आता १९,०००. तुमच्या एकसिलिंडर इंजिनाची धाव दहा हजारांच्या आसपास संपते, तेव्हा हा आकडा खोटा हे उघड आहे. आलेख सतत बरोबर दुप्पट असता तर सेटिंगची चूक म्हटली असती: चार-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक पल्स येतेय आणि लॉगरला दोन फेऱ्यांना एक सांगितलंय. पण तुझा आलेख मधूनच उसळतो, म्हणजे इग्निशनचा विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतोय. क्रँक सेन्सरची (इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरची) वायर कॉइलच्या हायटेन्शन वायरीच्या बरोबरीने, एकाच केबल-टायमध्ये आवळून नेलेली आहेस. तुमची वायरिंग म्हणजे चवथीची माटोळी झालीय रे, जे हाताला लागलं ते एकत्र टांगलंय! सेन्सरची जोडी एकमेकींभोवती पीळ देऊन ने, वरून शील्ड (जाळीचं आवरण) असेल तर ती फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ कर, आणि कॉइलची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांड. स्पार्क प्लगही बघ. एनजीकेच्या नंबरात 'आर' अक्षर असलेला, म्हणजे रेझिस्टरवाला, हवा. हे सगळं करायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून उसळ्या लपवू नकोस.

शून्य बाइटचं कारण सोपं आहे. डेटा कार्डावर जातो, पण फाइलची लांबी नोंदली जाते ती फाइल बंद करताना किंवा सिंक करताना, म्हणजे तोवरचं सगळं कार्डावर पक्कं लिहिताना. ड्रायव्हर गाडी थांबवतो, मास्टर स्विच (अख्ख्या गाडीची वीज तोडणारा) फिरवतो, वीज गेली, नोंद राहून गेली. कोडमध्ये दर सेकंदाला सिंक घाल, म्हणजे फार तर शेवटचा सेकंद जाईल. शिवाय लॉगरच्या पुरवठ्यावर एक डायोड आणि त्यामागे ४,७०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लाव. लॉगर १०० मिलिअँपिअर घेत असेल आणि ७ व्होल्टपर्यंत चालत असेल तर १२ वरून उतरायला दोनशे मिलिसेकंद मिळतात. स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळून लॉगर रीसेट होतो, तेही याने बरंचसं थांबेल. मास्टर स्विचला वळसा घालून लॉगरला थेट बॅटरी देण्याचा विचार मनात आलाच असेल, तर काढून टाक. फॉर्म्युला स्टुडंटच्या तपासणीत तिथेच अडकशील.

एक माझी गोष्ट सांगतो, त्यात शहाणपण कमी आणि फजितीच जास्त आहे. मित्राच्या जिप्सीत उजव्या वळणावर ऑइल प्रेशर शून्य व्हायचं. मी छातीठोक सांगितलं, तेल एका बाजूला जातंय, पिकअप (तेल ओढणारी नळी) उघडा पडतोय. संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवला, आत पडदे वेल्ड केले, दोन महिने गेले. दोष होता वायरीत. इंजिन रबरी माउंटांवर डोलतं, आणि सेन्सरची वायर इंजिनापासून फायरवॉलपर्यंत मी तबल्याच्या वादीसारखी ताणून बसवली होती. उजवीकडे वळलं की पिन सुटायची.

हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, कारण कारखान्यात आम्ही रोज तेच वापरतो. कारखान्यातले सेन्सर आपलं माप ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटने कळवतात, त्यात शून्याची खूण ४ असते. ४ आलं तर टाकी रिकामी, ० आलं तर वायर तुटली. गाडीतला ०.५-४.५ व्होल्टचा प्रेशर सेन्सर अगदी तसाच आहे. खरंच प्रेशर गेलं तर तो ०.५ वर येऊन थांबेल, आणि तिथे यायलाही थोडा वेळ घेईल. माझ्या सिग्नलने एका नोंदीत थेट ० व्होल्ट गाठला होता. पण मी लॉगरमध्ये फक्त बार साठवत होतो आणि ऋण आकडे कापून शून्य करत होतो, त्यामुळे पुरावा मीच पुसला. तेव्हापासून प्रत्येक चॅनेलचे कच्चे व्होल्ट साठवतो, बारमध्ये रूपांतर नंतर लॅपटॉपवर.

नोंदींच्या वेगाबद्दल तू ओझरतं विचारलंस. पाण्याच्या तापमानाला सेकंदाला एक नोंद पुरते, शॉकअॅब्सॉर्बरच्या हालचालीला दोनशेच्या खाली जाऊ नकोस. सगळंच हजारने भरून कार्ड कोंबण्यात अर्थ नाही. कॅन (लॉगर, ईसीयू वगैरेंना जोडणारी दोन वायरींची डेटा लाइन) बसवणार असाल तर वीज बंद करून दोन वायरींमध्ये मोज, ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर (१२० ओहमचा रेझिस्टर) गायब आहे.

आणि आपलं हवामान. इथे समुद्रावरचा खारा वारा, वर चार महिने पाऊस, आणि उरलेल्या दिवसांत सगळीकडे घुसणारी लाल धूळ. हार्डवेअरच्या दुकानातली घरगुती पीव्हीसी वायर एका पावसाळ्यात आतून कळंक चढून हिरवी होते, सोललीस की पितळी तपेल्यासारखी दिसते. कल्हई केलेल्या तारांची, टेफझेल नावाच्या प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर घे, १५० अंश सोसते आणि बारीकही असते. डॉइच कंपनीचे सीलवाले डीटीएम कनेक्टर महाग वाटतील, पण न वापरलेल्या भोकांत प्लग घालायला विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. पिना क्रिंप करा, म्हणजे क्रिंपरच्या पकडीने वायरीवर दाबून बसवा, सोल्डर नको. सोल्डर तारांत वर चढतं, तिथे वायर कडक होते, आणि एकसिलिंडरच्या थरथरीत नेमकी त्या कडेला तुटते. प्रत्येक कनेक्टरपाशी वायरीला थोडी ढील ठेवा, ती का हे वर सांगितलंच.

आधी तो बोल्ट मोज आणि दोन्ही आकडे इथे टाक, पंखा बंद असतानाचा आणि चालू असतानाचा. फरक ५० मिलिव्होल्टच्या खाली आला तर माझं निदान चुकलं, मग पुल-अपचा रेझिस्टर आणि पंखा चालू असतानाचं ५ व्होल्टचं रीडिंगही लागेल. दोन रविवार मी फोंड्यालाच आहे, गाडी ट्रेलरवर घालून आणलीत तर एकत्र बघू. येताना क्रिंपर तुमचा आणा, माझा कुणीतरी नेलाय तो अजून परत आलेला नाही.