पंचावन्नाव्या वर्षी मिरजेला परतताना: स्वेच्छानिवृत्तीचा हिशोब

आपले सविस्तर पत्र मिळाले. नाशिकच्या कारखान्यात 28 वर्षे नोकरी झाल्यावर कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आहे, आपले वय 55 पूर्ण आहे, आणि मिरजेत लहानपणी कारागिरांच्या दारात बसून पाहिलेले तानपुरा घडवण्याचे काम आता तरी शिकावे अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी 16 लाख रुपये घालून गाळा, अवजारे आणि लाकूड-भोपळ्यांचा साठा घ्यावा का, हा आपला प्रश्न आहे. माझे मत असे, की निवृत्ती जरूर घ्यावी, शिकायला जरूर जावे, मात्र गाळा पहिली दोन वर्षे तरी घेऊ नये.

भविष्य निर्वाह निधीचे 36 लाख, ग्रॅच्युइटीचे 9 लाख, स्वेच्छानिवृत्तीची भरपाई 18 लाख आणि मुदत ठेवी व म्युच्युअल फंड मिळून 13 लाख, अशी आपली एकूण पुंजी 76 लाखांची होते. भरपाईपैकी 5 लाखच करमुक्त असल्याने कर वजा जाता 74 लाख हाती राहतील असे धरू. निवृत्तीची तारीख मार्चऐवजी एप्रिलच्या सुरुवातीला मिळते का, हे कंपनीला अवश्य विचारा. वर्षभराचा पगार आणि भरपाई एकाच आर्थिक वर्षात आली, तर कराचा बोजा विनाकारण वाढतो.

यातील 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. एरवी तिच्यासाठी साठीची अट आहे, पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना 55 नंतर खाते उघडता येते, फक्त निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये मिळतील. नाशिकच्या सदनिकेचे भाडे 12,000 धरले, तर मिरजेच्या वडिलोपार्जित घरात राहून आपण लिहिलेल्या 38,000 रुपयांच्या खर्चात 5,500 कमी पडतात. ही तूट ठेवींतून भागवता येईल. कर्मचारी पेन्शन आताच सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण 58 च्या आधी घेतल्यास दर वर्षामागे 4 टक्के कपात कायमची होते. आपल्या सेवाकाळानुसार ती 58 व्या वर्षी साधारण 4,000 रुपये असेल आणि तुटीचा मोठा भाग भरून काढेल.

मुलाच्या अभियांत्रिकीच्या उरलेल्या दोन वर्षांसाठी 4 लाख आणि अडीअडचणीसाठी 5 लाख बाजूला काढल्यावर 35 लाख उरतात. आपल्या म्हातारपणाचा खरा आधार हाच आहे, कारण महागाई 6 टक्के धरली तर आजचे 38,000 बारा वर्षांनी 76,000 होतात आणि बचत योजनेचे व्याज मात्र तेवढेच राहते. गाळ्यात जाणारे 16 लाख 8 टक्क्यांनी वाढले असते, तर नऊ वर्षांत 32 लाख झाले असते. आपल्या पत्नी आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत; एवढी रक्कम त्यांच्या उत्तरायुष्यातून काढून घेण्याआधी फार विचार करावा.

शिवाय या कामाला सुरुवातीला भांडवलापेक्षा वेळ जास्त लागतो. भोपळा निवडणे, तुणीच्या लाकडाची दांडी त्याला नेमकी बसवणे हे वर्षभरात हाताला वळण लागण्यासारखे असेलही, पण जवारी लावणे, म्हणजे घोडीचा (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिचा) माथा किंचित किंचित घासत तारेचा नाद खुलवत नेणे, हे कानाचे आणि बोटांचे काम आहे आणि ते वर्षानुवर्षे एखाद्या जाणत्या कारागिराशेजारी बसूनच येते. साठीपर्यंत थांबा असे मी म्हणत नाही, ते याचसाठी. नजर आणि बोटे चांगली आहेत तोवरच हे शिकावे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून कायदेशीर ओळख, मिळाले याचा आनंद मलाही आहे, परंतु इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाईलवरील ॲप यांनी गिऱ्हाईक कमी केले आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करणाऱ्या घरांनाही त्याची झळ बसते. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत या कामातून एक रुपयाही येणार नाही असे धरूनच चालावे. शिकण्याचा मोबदला, स्वतःची हत्यारे आणि वाया जाणारा माल यांसाठी 2 लाखांची मर्यादा घालावी. दोन वर्षांनी आपण घडवलेला तानपुरा एखाद्या गाणाऱ्याने पैसे मोजून नेला, तर गाळ्याचा विषय पुन्हा काढू, आणि तोही आधी भाड्याच्या.

एक गोष्ट मात्र राजीनाम्याआधीच व्हायला हवी. आपल्याला मधुमेह आहे आणि कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपेल. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विमा कंपनी देत नाही असा काळ, असू शकतो. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेल्यास आधीची वर्षे मोजली जातात का, हे लेखी विचारून घ्यावे, पत्नीचे नावही त्यात घालावे, आणि पॉलिसी हातात पडल्यावरच स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करावी.