लवंग-ओव्याची तेलं धान्यपिकांवरच्या बुरशीवर खरंच चालतात का?

तुम्ही विचारलंय की गहू, भात, मका यांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठी लवंग, ओवा, गवती चहा यांची तेलं फवारली तर रासायनिक बुरशीनाशकं बंद करता येतील का. उभ्या पिकावर, नाही. पण बियाणं आणि साठवण या दोन ठिकाणी या तेलांकडून खरी अपेक्षा ठेवता येते.

तेलं बुरशी मारतात याबद्दल शंका नको. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, गवती चहातलं सिट्रल ही द्रव्यं बुरशीच्या पेशीपडद्यात शिरतात, पडदा गळका होतो आणि आतले क्षार बाहेर पडतात. मी वनस्पती रोगशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. फ्युजेरियम ही पिकांवर रोग आणणारी बुरशी वाढवलेल्या काचेच्या बशीच्या झाकणाला आतून तेलाचा थेंब टाकलेला कागद चिकटवला, की तेल बुरशीला टेकतही नाही, तरी तिची पांढरी, कापसासारखी वाढ थांबते. नुसती वाफ पुरते.

पण बशी बंद असते, शेताला झाकण नसतं. तिथे तेच तेल ऊन-वाऱ्यात उडून जातं आणि रोग मात्र आठवडेच्या आठवडे चालू राहतो. शिवाय ही तेलं आंतरप्रवाही नाहीत, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरत नाहीत. तांबेऱ्याची बुरशी पानाच्या आत पसरलेली असते, त्यामुळे वरच्या नारिंगी पुटकुळ्या भिजवून आतली वाढ थांबत नाही. बीजाणू रुजण्याआधी तेल पानावर हजर असेल तरच उपयोग.

मात्रा वाढवावी, तर पान जळतं. पेशीपडदा पानालाही असतो. लवंगेचं तेल काही तणनाशकांतही वापरतात ते उगीच नाही. त्यात तेल पाण्यात नीट मिसळलेलं नसेल तर ते टाकीत वेगळं होतं (ओवा-गवती चहाचं वर तरंगतं, लवंगेचं तळाशी बसतं), मग काही ओळींवर जवळपास पाणीच फवारलं जातं आणि काहींवर दाट तेल पडतं. म्हणून इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ, हवाच. द्रावण पारदर्शक बाटलीत रात्रभर ठेवा. वर किंवा तळाशी थर आला तर ते फवारू नका.

तेल टिकवण्यावर काम झालंय. युरोपीय संघाने 2013 मध्ये थायमॉल, युजेनॉल आणि जिरॅनिऑल यांना मान्यता दिली. ही तिन्ही यीस्टच्या पोकळ पेशींत भरून देतात, म्हणजे ती हळूहळू बाहेर येतात. पण त्याचा मुख्य वापर द्राक्षावरच्या करड्या बुरशीसाठी आहे.

तरीही मी या तेलांचा पिच्छा सोडत नाही, कारण रासायनिक औषधं हातची जातायत. स्ट्रॉबिल्युरिन गटाची बुरशीनाशकं गव्हावर येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच 1998 मध्ये जर्मनीत भुरी (पानांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी) त्यांना दाद देईनाशी झाली. ही औषधं बुरशीच्या एकाच प्रथिनावर काम करतात, त्यामुळे एक जनुकीय बदल पुरला. तेलातली द्रव्यं एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे तसा प्रतिकार सहजासहजी येत नाही.

आता बियाण्याचं. इथे बंद भांडं मिळतं, म्हणजे वाफ कामाला येते. पण रोग ओळखून वापरा. दाण्याच्या सालीवर बीजाणू असतील, तर तेल त्यांच्यापर्यंत पोचतं. गव्हाच्या काणीची बुरशी मात्र थेट गर्भात दडलेली असते, तिथे तेलाने काही होणार नाही.

साठवणीत आधी धान्य नीट वाळवा, मग तेलाचा विचार करा. साठवलेल्या धान्यावर येणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीची वाढ वाफेने रोखता येते, पण तिच्यामुळे एकदा तयार झालेलं अफ्लाटॉक्सिन हे विष तेलाने निघत नाही. खायच्या धान्याला वासही लागतो, म्हणून मी तिथे तेल सुचवत नाही. बियाण्यासाठी ठेवलेल्यालाच वापरा.

तेही सगळ्या पोत्यावर करण्याआधी 100 दाणे तेल लावलेले आणि 100 तसेच, ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. गहू असेल तर आठव्या दिवशी मोजा. तेलाच्या दाण्यांची उगवण कमी दिसली, तर मात्रा उतरवून पुन्हा लावा. हातमोजे घालूनच हाताळा, शुद्ध तेल कातडी भाजतं.