खासगी सभागृहाने कार्यक्रम रद्द केला, तर स्वतंत्रतावाद्याने तक्रार का करावी?

आपला प्रश्न असा आहे : सरकारने कोणाचेही तोंड बंद करू नये आणि मालकाने आपल्या जागेचे हवे ते करावे, ही दोन्ही मते लिबर्टेरियन मंडळी मानत असतील, तर पुण्यातल्या एखाद्या खासगी सभागृहाने विनोदवीराचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द केल्यावर हीच मंडळी ‘गळचेपी’ म्हणून ओरड का करतात? ही सोयीस्कर भूमिका नव्हे काय? मी स्वतःला याच विचाराचा मानतो (शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या संस्कारामुळे ‘स्वतंत्रतावादी’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो) आणि सदाशिव पेठेतल्या एका लहानशा सभागृहाचा विश्वस्तही आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून भिडतो. सोयीस्करपणाचा आरोप काही जणांच्या बाबतीत खराच आहे. विचाराला मात्र तो लागू होत नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांनी ही गोष्ट टोकाला नेऊन, पण स्वच्छपणे मांडली आहे. त्यांच्या मते भाषणस्वातंत्र्य असा निराळा हक्कच नसतो; स्वतःच्या जागेत, किंवा ज्याने बोलावले त्याच्या जागेत, बोलण्याचा हक्क असतो आणि तो मालमत्तेच्या हक्कातच येतो. भरल्या नाट्यगृहात उगाच ‘आग, आग’ ओरडण्याचा दाखला १९१९ च्या एका अमेरिकी निकालापासून भाषणाला मर्यादा हव्यात हे सांगण्यासाठी दिला जातो. रॉथबार्ड म्हणतात की तो माणूस नाट्यगृहाच्या मालकाचा आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचा हक्क मोडतो, एवढे कारण पुरेसे आहे. याच तर्काने ते बदनामीच्या कायद्यालाही विरोध करतात, कारण माझी अब्रू म्हणजे इतरांच्या डोक्यातली मते आणि ती काही माझ्या मालकीची नाहीत. चारचौघांतले नाव जपणाऱ्या पेठेत वाढलेल्या मला हे आजतागायत पचलेले नाही.

नकार देण्याचा हक्क मात्र मला पूर्ण मान्य आहे. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक होते, सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद विकोपाला गेले तेव्हा १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात रंगमंचावर आले आणि मोजक्या प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या निर्मात्या संस्थेनेच ते थांबवले. ज्यांना ते करायचे होते त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि पुढे ते नाटक परदेशापर्यंत नेले. पुण्यात मतभेद झाला की दुसरी संस्था निघते, ही आपल्याकडे थट्टेची गोष्ट समजली जाते. मला ती या गावाची मोठी राजकीय कमाई वाटते. यात एक बोच आहे, ती लपवत नाही. आगरकरांना कोणत्याही कायद्याने गप्प केले नव्हते, पण याच शहरात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये सरकारी जुलमाइतकीच समाजाच्या जुलमाची भीती व्यक्त केली होती. प्रेतयात्रा काढणे हीसुद्धा अभिव्यक्तीच, असे माझा सिद्धांत मला सांगतो. मी ते मान्य करतो, मनाविरुद्ध.

सरकारपाशी नकाराचा हा हक्क नाही, कारण त्याची जागा सर्वांची असते आणि त्याच्या नकारामागे पोलीस उभे असतात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही परिनिरीक्षण मंडळाकडून (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाकडून) संमत करून घ्यावी लागते. लेख किंवा कादंबरीला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात, रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर बेतलेला प्रयोग उधळला गेला आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि ५ विद्यार्थ्यांना. तोंड बंद करण्याइतकेच तोंडी शब्द घालणेही वाईट : १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा व्यक्त करावी लागते, म्हणजे समाजवादाला विरोध करणाऱ्या पक्षालासुद्धा. शरद जोशींनी राज्यसभेत असताना हा शब्द वगळण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. तो शब्द अजून आहे तिथेच आहे.

आता आपल्या विनोदवीराकडे येतो. छत्रपती शिवाजी महाराजांवरील एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचे प्रकरण आठवा. प्रकाशकाने २००३ मध्ये ते मागे घेतले. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. मग राज्य सरकारने बंदी घातली, जी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. एकाच प्रकरणात मालकाची माघार, झुंडीचा हल्ला आणि सरकारी बंदी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण तिन्हींना ‘विरोध झाला’ एवढेच म्हणून मोकळे होतो. त्यातली पहिली गोष्ट मी समजू शकतो, पण तिच्यातही माघार कशामुळे घेतली हे पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सभागृहात एका इतिहास-अभ्यासकाचे व्याख्यान ठरले होते. आदल्या संध्याकाळी पाच तरुण आले. अतिशय नम्र होते. लेटरहेडवरचे निवेदन दिले, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागितला, चहा घेतला. निघताना त्यातल्या एकाने दर्शनी भागाकडे पाहत विचारले, “काका, काचा नवीन बसवल्या का? छान आहेत.” दुसऱ्या दिवशी आमच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : तांत्रिक कारणास्तव व्याख्यान रद्द.

कागदोपत्री हा जागेच्या मालकाने घेतलेला निर्णय होता आणि कोणीही श्रोता आमच्यावर दावा लावू शकला नसता. पण ज्या नकारामागे आमची पसंती नव्हती, काचेची किंमत होती, त्याला मी मालमत्तेच्या हक्काचा वापर म्हणत नाही. तो त्या हक्कावरचाच घाला होता. म्हणून कार्यक्रम रद्द झाल्याची बातमी आली की मी आधी एवढेच विचारतो : व्यवस्थापकाला तो विनोद आवडला नाही, की कोणी येऊन काचांची चौकशी करून गेले? विनोद आवडला नसेल, तर विनोदवीराने दुसरी जागा शोधावी, आणि ओरड करणाऱ्या माझ्या मित्रांनी गप्प बसावे.

विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत मी सुचवले की इतिवृत्तात ‘दमदाटीमुळे रद्द’ अशी नोंद करावी. मतदान झाले. ठराव ३ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला गेला आणि इतिवृत्तात ‘तांत्रिक कारण’ कायम राहिले.