ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवोदित खेळाडूंना क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, निवड झाली की खेळाडूला एजंट लागतोच का?
पहिल्या करारापुरता तितकासा नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये २०११ पासून नवोदितांचं मानधन ड्राफ्टमधल्या क्रमांकावरूनच जवळपास ठरतं, घासाघीस करायला फारसा वाव नसतो. खरी कसोटी दुसऱ्या कराराची. लमार जॅक्सन हा खेळाडू २०१८ मध्ये ३२ वा निवडला गेला, एजंट न नेमता. २०२३ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स या आपल्या संघाशी स्वतः बोलणी करून त्याने ५ वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार मिळवला. पण त्याआधी प्रकरण इतकं ताणलं गेलं, की त्याने दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली होती! मला त्याच्या जिद्दीचं कौतुक आहे. तरी शेवटच्या फेऱ्यांत निवडल्या गेलेल्या किंवा निवडच न झालेल्या मुलाने एजंट जरूर घ्यावा. करारातल्या कमाईवर त्याचं कमिशन ३ टक्क्यांपलीकडे जात नाही.