पुण्यातला टू बीएचके आतून रंगवायचाय, कोणत्या कंपनीचा रंग घेऊ?

तुमचा प्रश्न असा आहे: फ्लॅट घेतल्यापासून भिंतींना बिल्डरचाच रंग आहे, आता पहिल्यांदा स्वतः रंगवून घ्यायचाय, तर एशियन, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स आणि बिर्ला ओपस यांपैकी टिकाऊ आणि परवडणारं कोणतं? माझं रंगाचं दुकान आहे आणि यांतल्या एकाहून जास्त कंपन्यांचा माल मी विकतो, त्यामुळे एकीचीच बाजू घ्यायचं मला कारण नाही.

पहिल्या चारांपैकी जिचं टिंटिंग मशीन (हवी ती छटा मिसळून देणारं यंत्र) तुमच्या जवळच्या दुकानात आहे, तिचं मधल्या रेंजचं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, बिनधास्त घ्या. गिऱ्हाईक तासभर कंपनीवर चर्चा करतं आणि रेंज मात्र दोन मिनिटांत ठरवतं. खरं तर उलट व्हायला हवं. एशियनच्या ट्रॅक्टर इमल्शनमध्ये आणि रॉयलमध्ये जेवढा फरक आहे, तेवढा रॉयल, बर्जरचा सिल्क, नेरोलॅकचा इम्प्रेशन्स आणि ड्युलक्सचा वेल्वेट टच यांच्यात आपसांत नाही. कंपनी कंपनीशी ताडून बघायची असेल तर एकाच पायरीवरचे डबे समोरासमोर ठेवा. एका कंपनीचा वरचा आणि दुसरीचा खालचा डबा घेऊन भावाची तुलना केली तर ती निरर्थक ठरते.

हा फरक डब्याच्या आत असतो. इमल्शन म्हणजे पाणी, ॲक्रिलिकचं बाइंडर, टायटॅनियम डायऑक्साइड आणि खडूसारखी भर. बाइंडरमुळे रंगाचा थर भिंतीला धरून राहतो आणि ओल्या फडक्याने पुसला तरी निघत नाही. टायटॅनियममुळे खालचा डाग झाकला जातो. स्वस्त रेंजमध्ये या दोन महागड्या वस्तू कमी आणि भर जास्त. म्हणून तिथे दोन हातांत काम भागत नाही, तिसरा मारावा लागतो आणि डाग पुसायला गेलं की रंगच फडक्याला येतो. पुष्कळ जण डबा उचलून वजनावरून रंग जोखतात. तसं करू नका. भर ही बाइंडरपेक्षा जड असते, त्यामुळे हलक्या प्रतीचा डबासुद्धा हाताला चांगला भरीव लागतो.

आता तुमच्या घराबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बिल्डर आतून बहुधा ऑइल बाउंड डिस्टेंपर हा स्वस्तातला रंग मारून देतात, आपल्याकडे सगळे त्याला ओबीडी म्हणतात. ओल्या हाताने भिंत चोळून बघा. तळहातावर पांढरी भुकटी आली तर तो थर सैल झालाय. त्यावर कितीही भारी इमल्शन मारलं तरी ते भिंतीला चिकटत नाही, त्या भुकटीला चिकटतं आणि पुढे दोन्ही मिळून पोपडे धरून निघतात. मग लोक कंपनीला नावं ठेवतात. सैल थर खरवडून, पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक हात हवाच. पुण्यातल्या बऱ्याच नव्या इमारतींत आतून जिप्सम प्लास्टर असतं. ते मुळात गुळगुळीत असल्यामुळे सगळ्या घराला पुट्टीचे दोन हात लागत नाहीत, खड्डे आणि भेगा भरल्या की पुरतं. पुट्टीचे पैसे वाचवून प्रायमर चांगला घ्या. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर ओल किंवा क्षार दिसत असतील तर आधी गळती बंद करा. ओलीला आतून रंग लावून उपाय होत नाही, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

हिशोब असा बांधा. कार्पेट एरियाच्या साधारण साडेतीन पट भिंती आणि छत मिळून रंगवायला येतं. ६५० चौरस फुटांचा फ्लॅट धरला तर सुमारे २,२७५, त्यात ६५० छताचं. उरलेल्या सोळाशे चौरस फुटांना, दोन हातांत लिटरला १३० चौरस फूट धरले, तर बारा-तेरा लिटर रंग लागेल. मजुरी स्वस्त रंगालाही जवळपास तेवढीच जाते, म्हणून भिंतींवर रंगात काटकसर केली तर ती दोन-तीन वर्षांत पुन्हा मजुरी देऊन फेडावी लागते. काटकसर छतावर करा. तिथे कुणाचा हात लागत नाही, साधं पांढरं इमल्शन चालतं. मुलांची खोली, पॅसेज आणि स्वयंपाकघर यांना मात्र वरची, धुता येणारी रेंज घ्या. हॉलला फार चकाकीचा रंग नको. चकाकी वाढली की भिंतीचा उंचसखलपणा ट्यूबलाइटखाली उघडा पडतो.

गडद लाल किंवा पिवळी भिंत करणार असाल तर तिसऱ्या हाताचा खर्च धरूनच चाला. गडद रंगाच्या बेसमध्ये (ज्यात मशीन छटा मिसळतं त्या मूळ रंगात) टायटॅनियम फार थोडं असतं, त्यामुळे तो कमी झाकतो. एका भिंतीचा सगळा रंग एकाच वेळी मिक्स करून घ्या.

पेंटर एखाद्याच कंपनीचा हट्ट धरत असेल तर त्यामागे टोकनही असू शकतं. डब्यातल्या टोकनचे किंवा कोडचे पैसे पेंटरला मिळतात. ते त्याला जरूर घेऊ द्या, पण रेंज तुम्ही ठरवा, बिल तुमच्या नावाचं घ्या आणि सीलबंद डबे घरात तुमच्यासमोर उघडायला सांगा. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढंच घालतोय ना, हे पहिल्या दिवशी उभं राहून बघा. जास्त पाणी घातलेल्या भारी रंगाची गत स्वस्त रंगासारखीच होते.

बिर्ला ओपस २०२४ साली बाजारात आला. त्याचे भाव आणि स्कीम चांगल्या आहेत, त्याच्यामुळे स्पर्धा वाढली हेही बरंच झालं. पण त्याची दहा वर्षं जुनी भिंत अजून बघायला मिळणार नाही. भाड्याने द्यायचा फ्लॅट असता तर मी तुम्हाला निःशंक घ्या म्हटलं असतं. स्वतःच्या राहत्या घरासाठी आधी एका खोलीत वापरून बघा.

‘शिसेमुक्त’ या शब्दाला जादा पैसे देऊ नका. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको हा नियम २०१७पासून सगळ्यांनाच लागू आहे. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) रंग मागा आणि खिडक्या उघड्या ठेवून काम करा.

आणि शक्य असेल तर दसरा-दिवाळीच्या घाईत काम काढू नका. पावसाची ओल भिंतीतून पुरती गेलेली नसते आणि चांगले पेंटर तेव्हा तीन-तीन घरं एकदम धरतात. डिसेंबर ते मे या काळात भिंती कोरड्या असतात आणि पेंटरही निवांत मिळतो.